सीमेपलीकडची सही

लातूर, ३० सप्टेंबर २०१८

वैजनाथ यास,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात आखडला. सात वर्षांनी पत्र लिहायचं आणि पहिल्याच शब्दाला खोटं बोलायचं, हे मला जमणार नाही.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मग माझा आवाज चढतो. पत्रात मी बोलणार आणि तू गुमान ऐकणार. बिदरचा तुझा पत्ता तोच असेल असं धरून चालले आहे. घर बदलण्याची खटपट करणाऱ्यांतला तू नाहीस.

आज तारीख कोणती ते तुला सांगायला नको. भूकंपाला पंचवीस वर्षं झाली. सकाळी टीव्हीवर किल्लारीची तीच ती पडकी घरं दाखवत होते, मी बंद केला. मला तुझ्या आईंची आठवण आली. विष्णुपुरीच्या कॉलेजात असताना तू सुटीहून परतलास की त्यांनी दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असायचा आणि त्यात माझा वाटा वेगळा बांधलेला असायचा. ‘त्या मुसलमानाच्या पोरीला लई आवडती,’ म्हणायच्या. त्या दगडी घराच्या भिंतीखाली त्या गेल्या. आणि त्यांचे दिवस होतात न होतात तोच तू गळ्यात टेप अडकवून पडझडीच्या पाहणीला माझ्या शेजारी येऊन उभा राहिलास. मी तुझ्या टेपचं दुसरं टोक धरलं.

त्या पाहणीवरच्या आपल्या मन्मथ स्वामी साहेबांची चिठ्ठी आठवते? एका घराला दोन इंजिनिअर. आतून-बाहेरून पाहून झालं की अंगणात एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं, उभ्या राहिलेल्या घराची किंमत आपापल्या चिठ्ठीवर लिहायची, मग वळून दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या. आकडे लांब पडले की साहेब ओरडायचे, ‘जावा परत आत! दोघातलं एक जण घर न बघताच आलंय.’ पुढं आपल्याला ती खोडच लागली. उदगीरच्या बाजारात कलिंगड घेतानासुद्धा आपण पाठ करून वजन लिहायचो.

असो. पत्राचं कारण वेगळं आहे. नवा नियम तू वाचलाच असशील. कंपन्यांच्या जमिनी-इमारतींची किंमत करायची तर जुनी नोंदणी आता जानेवारीअखेरपर्यंतच चालणार. पुढं परीक्षा द्यायची, पास व्हायचं, नव्यानं नोंदणी करायची. सगळे जुने व्हॅल्युअर डोक्याला हात लावून बसलेत. मी नाही बसले. मी फॉर्म भरला.

का भरला, ते ऐक. २०११ साली आपल्या ऑफिसात टेबलावर बिदरच्या कामाचा अहवाल पडला होता. प्लॉट मी मोजला होता, दर मी काढला होता, आणि शेवटच्या पानावर सही तुझ्या एकट्याची होती. मी म्हटलं, माझंही नाव घाल. तू चष्मा पुसत म्हणालास, ‘बँकेच्या यादीत तिकडचा पत्ता लागतो. नियमात बसत नाही.’ त्याआधीच्या प्रत्येक बिदरच्या अहवालालाही तू हेच म्हणाला होतास. मी टेप टेबलावर आपटली आणि निघून आले.

तर आता मला माझी सही सीमेपलीकडे उमटलेली पाहायची आहे. बाकी काही नको.

गौसिया

*

लातूर, १८ नोव्हेंबर २०१८

वैजनाथ यास,

उत्तर आलं नाही. मी वाट पाहत नव्हतेच. पोस्टमन गल्लीत आला की मी सहज दारात असते, एवढंच.

तू हसणार हे माहीत असून सांगते. मी अभ्यासिका लावली. घरात अभ्यास होईना. खाली आमच्या नवरोबांचं, जावेदचं, वेल्डिंगचं दुकान, दिवसभर ठणठणाट. लातूरच्या निम्म्या होस्टेलांतले लोखंडी पलंग त्यानंच जोडलेत, आणि जूनमध्ये भरलेल्या पोरांचे पलंग दिवाळीपर्यंत मोडून परत येतात. म्हणून गेले ट्यूशन एरियात. एका इमारतीत चार मजले अभ्यासिका, खाली मेस, समोर झेरॉक्स. चालवणारी गुणाबाई वही उघडून म्हणाली, “लेकराचं नाव सांगा.”

“गौसिया शेख.”

“नीट का जेईई?”

“व्हॅल्युएशन. आणि लेकरू मीच.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आगं बाई! बसा की मग. पंख्याखालची जागा देते. हितल्या पोरी परीक्षेच्या टेन्शननं रडत्यात मधी मधी, तुमी लक्ष देऊ नका.”

माझ्या डावीकडे हिमायतनगरची एक मुलगी डॉक्टर व्हायला निघाली आहे आणि उजवीकडे जळकोटची. दोघी मला ‘मॅम’ म्हणतात आणि माझ्या पुस्तकात डोकावून नाक मुरडतात. अर्थशास्त्र, कायदे, पर्यावरण! वैजनाथ, आयुष्यभर भिंती ठोकून पाहिल्या, आता कोणी विचारतंय की पैशाचा पुरवठा वाढला की व्याजदराचं काय होतं. मला काय माहीत काय होतं? चूक लिहिलं की मिळालेले गुणही कापतात. हैदराबादला पन्नास तासांचं प्रशिक्षण झालं, तिथं सगळे पिकल्या केसांचे पुरुष, चहाच्या सुटीत एकमेकांना विचारत होते, ‘आता या वयात?’ मी त्यांच्यासोबत सुस्कारे सोडले नाहीत. मी बिस्किटं खाल्ली.

एक मात्र केलं. अख्खा नियम रात्री उशाशी घेऊन शब्द न् शब्द वाचला. मी त्यात महाराष्ट्र शोधत होते, कर्नाटक शोधत होते. व्हॅल्युअरनं कुठल्या राज्यात काम करावं, कुठल्या करू नये, याचं एकही वाक्य त्यात नाही. एकदा नोंदणी झाली की देशभर चालते. तिकडं सातबारा नसून पहाणी असते, रेडी रेकनरला दुसरं नाव असतं, ते शिकून घ्यायचं, एवढंच. मी जावेदला उठवून वाचून दाखवलं. तो म्हणाला, “बहोत अच्छा. अब सो जा.”

भीती वगैरे अजिबात वाटत नाही. चिठ्ठी लावून पैज मारायची असेल तर सांग.

गौसिया

*

नांदेड, २० डिसेंबर २०१८

वैजनाथ!

पास! पास! पास!

नांदेडच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून लिहितेय, अक्षर वाचता आलं तर वाच. परीक्षा संगणकावर होती. शेवटचं बटण दाबलं की निकाल तिथंच समोर येतो, एवढीसुद्धा उसंत देत नाहीत. मी डोळे मिटून दाबलं. उघडले तर पास! शेजारच्या खुर्चीतला मुलगा म्हणाला, “काकू, रडू नका, परत देता येते परीक्षा.” मी त्याला सांगितलं, मी रडत नाहीये, खोलीत धूळ फार आहे. खरं काय ते तुला कळतंच.

बाहेर आले आणि रिक्षा करून सरळ विष्णुपुरीला गेले. कॉलेजच्या फाटकासमोर उभी राहिले. धरणाकडून वारा येत होता. आपल्या वर्गात मुली आम्ही दोघीच होतो, मी आणि ती परभणीची. तेव्हाचे सर म्हणाले होते, मुली साइटवर टिकत नाहीत. मला त्यांना हाक मारून सांगावंसं वाटलं, की सर, सत्तेचाळिसाव्या वर्षी परत पास होऊन आले, अजून साइटवरच आहे. वॉचमन म्हणाला, “ॲडमिशन जूनला असत्यात.”

जावेदला फोन केला तर तो नुसता ‘हाव? हाव?’ करत राहिला. मागून वेल्डिंग बंद झाल्याचा आवाज आला.

गौसिया

ता. क. लातूरला पोचल्यावर लिहितेय. या माणसानं फ्लेक्स लावलाय! ट्यूशन एरियाच्या चौकात, नीटच्या टॉपर पोरांच्या फ्लेक्सला लागून, माझा लग्नातला फोटो, खाली ‘हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक: जावेद वेल्डिंग वर्क्स’. मी त्याला पोटभर बोलले. मग मागून जाऊन स्वतः दोनदा पाहून आले. अभ्यासिकेतल्या पोरी त्याच्यासमोर उभ्या राहून माझ्यासोबत फोटो काढून घेतात.

*

लातूर, ६ मार्च २०१९

वैजनाथ,

हे पत्र आज टपालात पडणार नाही. कारण सांगते.

नोंदणीचा कागद हातात आला, आणि त्यानंतर पहिलं मोठं काम आलं ते सीमेपलीकडचं! बिदर शहराबाहेरची ती जुनी डाळ मिल बुडाली. तिचा कारभार पाहायला नेमलेले बंगळूरचे अधिकारी दोन व्हॅल्युअर नेमणार, दोघं स्वतंत्र, दोघांचे अहवाल वेगळे. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी ‘हो’ इतक्या पटकन म्हटलं की त्यांना प्रश्न पूर्ण करता आला नाही.

मग ईमेल आला. दोन नावं. एक माझं, एक तुझं.

म्हणजे तूही परीक्षा दिलीस! सांगितलं नाहीस! कुठं बसून अभ्यास केलास, महानंदा वहिनींनी चहा करून दिला का, अर्थशास्त्र तुला तरी कळलं का? मला इतका आनंद झाला की मी स्वतःवरच चिडले.

अधिकाऱ्यांना मी लगेच कळवलं, की आम्ही जुने भागीदार, आता सात वर्षं बोलत नाही, पण मी यांना पत्रं लिहिते आणि हे उत्तर देत नाहीत. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, काम होईपर्यंत पत्रं थांबवा. बाकी हरकत नाही.”

तेव्हा हे लिहून कपाटात ठेवते. माझा अहवाल गेला आणि तुझाही गेला की मग टाकेन. स्वामी साहेब असते तर खूश झाले असते. इतकं लांब उभं राहून पाठ कोणी केली नसेल.

एक गोष्ट मात्र टोचते. दोघांच्या आकड्यांत फार मोठा फरक पडला की तिसरा माणूस बोलावतात. मग तिकडचे लोक काय म्हणतील ते ठरलेलं आहे: लातूरहून बाई आणली, तिला इथलं काय कळतंय. माझी पहिलीच सही.

गौसिया

*

उदगीर, ३ एप्रिल २०१९

वैजनाथ,

हेही कपाटातच जाणार. पण आज लिहिलं नाही तर झोप लागायची नाही. बिदरहून परतताना एसटी उदगीरला थांबलीय, ड्रायव्हर जेवतोय.

मिल पाहून आले. जमीन, मशीनचा गाळा, ऑफिस, सगळं सरळ होतं. पण सगळ्यांत मोठं आहे ते मागचं गोदाम. जुनं, लांबच्या लांब, दगडी भिंतींचं, वरून गिलावा केलेलं. किमतीचा मोठा हिस्सा त्याच्यातच आहे. मी दारातून आत नजर टाकली, वहीत लिहिलं, ‘दगडी भिंत, किमतीत निम्मी वजावट’, आणि पुढं गेले.

दुपारी ऊन चढलं. रखवालदार रेवणप्पा म्हणाला, “अक्का, गोदामात बसून जेवा की. आत लई गार हाय.” त्यानं खुर्ची आत मांडली. मी ती उचलली आणि ओढत ओढत उंबऱ्यापाशी आणली. तो बघतच राहिला. “तुमी लातूरचे लोक सगळे असेच. दगडाच्या घरात बसतच न्हाईत. भाऊबंद हायेत माझे औशाला, हिकडं लग्नाला आले तर मांडवात झोपतात.”

मी खाली पाहिलं. माझा एक पाय बाहेर होता, वैजनाथ. मी डबा उंबऱ्यावर ठेवून, बाहेर पळायला मोकळी राहून जेवत होते. ती निम्मी वजावट मी भिंत पाहून लिहिलीच नव्हती. ती किल्लारीहून माझ्यासोबत आली होती. बिदरला आपण आजवर मोजलं ते सगळं सिमेंटचं, त्यामुळं हे कधी उघडं पडलं नाही.

मग आत गेले. मागच्या कोपऱ्यात गिलावा पडला होता तिथं हात घातला. आपल्याकडच्या घरांत काय असतं? दोन बाजूंना काळे गोल धोंडे आणि मध्ये भरलेली माती. इथं तांबडा जांभा. सरळ कापलेले चिरे, सांध्यावर सांधा येऊ न देता एकावर एक बसवलेले, भिंतीच्या आरपार गेलेले, आणि सांध्यात चुना, नखानं उकरत नाही असा. चारही भिंती ठोकून पाहिल्या. ओळंबा लावला. ती भिंत तुझ्या-माझ्या नातवंडांनंतरही उभी राहील. मी वजावटीवर काट मारली आणि गोदामाला त्याची पूर्ण किंमत दिली.

आणि मग तुझा विचार आला. तू सासुरवाडीत अंगणात खाट टाकून झोपणारा जावई. सासऱ्यांचं घर याच जांभ्याचं, बिदरला राहून तुला हा दगड माहीत आहे, तरी पावसाळ्यातसुद्धा व्हरांड्यातून आत सरकला नाहीस. तू त्या गोदामात पाऊल टाकशील का? नाही टाकलंस तर निम्मी वजावट लिहिशील, आपले आकडे लांब पडतील, तिसरा माणूस येईल आणि माझी पहिली सही हसण्यावारी जाईल. तुला एक फोन केला असता तर काम झालं असतं. फोन हातात घेतला होता, तो पर्समध्ये टाकून चेन लावली. मनात असंही आलं की वजावट थोडी ठेवावी, तुझ्या आणि माझ्या मधोमध कुठंतरी राहावं, म्हणजे निभावून जाईल. लाज वाटली. जे पाहिलं ते लिहिलं.

पण तुझ्यावर दया येतेय आणि रागही. तुझी आई तशा भिंतीखाली गेली, तुला मी कुठल्या तोंडानं म्हणू की आत जा?

ड्रायव्हर आला. बंद करते.

गौसिया

*

लातूर, २२ जून २०१९

प्रिय वैजनाथ,

हो, ‘प्रिय’. आज हात आखडला नाही.

बंगळूरला दोन्ही पाकिटं उघडली तेव्हा मी फोनवर होते. अधिकाऱ्यांनी आधी माझा आकडा वाचला, मग तुझा. मी जावेदचा हात इतका दाबला की तो ओरडला. वैजनाथ, फरक इतका थोडा, की उदगीरच्या कलिंगडांनासुद्धा आपला याहून जास्त पडायचा! गोदामाचा आकडा तर जवळजवळ तोच. ते म्हणाले, “तुम्ही दोघं खरंच बोलत नाही ना?” मी म्हटलं, “साहेब, खरंच नाही. पण आता बोलणार.” दोन्ही अहवाल जसेच्या तसे मान्य झाले. माझ्या अहवालाच्या शेवटी माझी सही आहे, खाली नोंदणी क्रमांक, खाली पत्ता लातूर, आणि वर मालमत्तेचा जिल्हा बिदर. ते पान मी अम्मीला नेऊन दाखवलं. तिला वाचता येत नाही, तिनं सहीवरून बोट फिरवलं.

मग कपाटातली दोन्ही पत्रं टाकली. आणि काल तुझं उत्तर आलं. सात वर्षांत पहिलं, तेही अर्ध्या पानाचं. मला पाठ झालंय, तरी इथं उतरवून काढते, म्हणजे नंतर तुला नाकारता येणार नाही:

‘गौसिया, तुझी पत्रं मिळाली. परीक्षेची बातमी आली त्या दिवशी महानंदानं शिरा केला होता. उत्तर लिहायला घ्यायचो आणि जमायचं नाही. गोदामाचं सांगतो. पहिल्या दिवशी दारातूनच परत आलो. घरी येऊन वजावट लिहिली. मग वाटलं, स्वामी साहेब म्हणतील, घर न बघताच आलास. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो, मधोमध बसलो आणि जेवलो. भाकरी संपेपर्यंत मान खाली होती. मग वर पाहिलं. भिंती पाहिल्या. वजावट खोडली. त्या रात्री सासऱ्यांच्या घरात आत झोपलो. म्हातारे दोनदा उठून बघून गेले, मी आहे का म्हणून. आणि तुझ्या सहीचं: तेव्हा नियम आडवा आला नव्हता, मी आलो होतो. बँकेच्या यादीत तुझं नाव जातं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. वैजनाथ.’

मी हे दुकानात जावेदला वाचून दाखवत होते. तुझ्या भाकरीपाशी आल्यावर मला पुढं वाचता येईना, तेव्हा त्यानं कागद घेतला आणि उरलेलं मोठ्यानं वाचलं, सगळ्या कामगारांसमोर. एक जण म्हणाला, “लई धीराचा माणूस.” मी म्हटलं, हाव, माझा पार्टनर आहे तो.

शेवटच्या दोन ओळींबद्दल मला तुझ्याशी समोरासमोर भांडायचं आहे. इतक्या वर्षांचा राग अर्ध्या पानावर सुटत नसतो. पण त्यासाठी तू आलं पाहिजेस. आईंच्या पद्धतीची चटणी मी कुटून ठेवते, लसूण जास्त घालून.

आणि एक सांगायचं राहिलं. मिलचं प्रकरण पूर्ण संपलं, निरोप आला, तेव्हाच मी व्यंकटी पेंटरला बोलावलं. आपल्या जुन्या ऑफिसचा गाळा अजून रिकामा आहे. पाटी रंगवून झाली, दारात वाळत ठेवलीय. दोन नावं आहेत. व्यंकटी म्हणाला, “मॅडम, आधी साहेबांचं नाव वर असायचं. आता पण तसंच ना?”

मी त्याला सांगितलं, माझं वर, साहेबांचं खाली. तो जरा घुटमळला. म्हणून तुलाही कळवून ठेवते, वैजनाथ, आल्यावर चष्मा पुसत बसू नकोस. हे नियमात बसतं. मी वाचलाय.

गौसिया